मीटरला न दिसणारा खार

सातपुडा आणि अजिंठा यांच्या मधली वाटी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागात, म्हणजे जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा आणि मलकापूर या तालुक्यांच्या सखल पट्ट्यात, एखाद्याच्या शेतात विहिरीला पाणी लागले असे कळले की ऐकणाऱ्याच्या तोंडून लगेच प्रश्न येतो, तो म्हणजे पाणी गोडे लागले की खारे. या प्रश्नाच्या उत्तरावर त्या शेतात पुढच्या वर्षी काय पिकेल, घरातील स्वयंपाकाचे पाणी कुठून येईल आणि डाळ शिजायला किती वेळ लागेल, हे सारे ठरते. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशाला ‘खारपाण पट्टा’ म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर असून त्यात सुमारे नऊशे गावे येतात.

या पट्ट्याची घडण समजून घेतल्याशिवाय त्यातील पाण्याचा स्वभाव कळत नाही. उत्तरेला सातपुड्याची रांग आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये जमीन खचून एक लांबट वाटी तयार झाली आणि त्या वाटीत पूर्णेने व तिच्या उपनद्यांनी लाखो वर्षे गाळ आणून भरला, जो काही ठिकाणी शेकडो मीटर जाडीचा आहे. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी हा गाळ गोट्यांचा आणि भरड वाळूचा असल्याने तिथे पावसाचे पाणी झपाट्याने मुरते व गोडे राहते. संत्र्याच्या आणि केळीच्या बागा त्या चिंचोळ्या पट्टीतच दिसतात. नदीकडे उतरत गेल्यावर मात्र गाळ बारीक आणि चिकण होतो, त्यातून पाणी पुढे सरकायला फार काळ घेते, वर्षातील आठ महिने ऊन त्याची वाफ करीत राहते आणि विरघळलेले क्षार मागे उरत जातात. अशा जमिनीत सोडियमचे प्रमाण वाढले की मातीचे कण एकमेकांना सोडून देतात, पाऊस पडला की चिखल पायाला गच्च धरतो आणि वाळली की तीच माती दगडासारखी होते. शेतकरी तिला ‘चोपण’ म्हणतात. विहिरीचे पाणी दिले तर चोपणपणा वाढतो, म्हणून विहीर असूनही शेत कोरडवाहू ठेवावे लागते, आणि खारपाण पट्ट्यातील शेतीचे सगळे दुःख या एका गोष्टीत सामावलेले आहे.

येथील पाणी किती खारट आहे याची साक्ष स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही मिळते. १९३० मध्ये गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वऱ्हाडात मिठाचा सत्याग्रह करायचा कसा, हा प्रश्न पडलाच नाही, कारण अकोला जिल्ह्यातील दहीहांडा या गावच्या विहिरींचे खारे पाणी आटवून मीठ काढता येत होते आणि सत्याग्रह तिथेच झाला. ज्या पाण्याने त्या वर्षी कायदा मोडायला साहाय्य केले, तेच पाणी पिण्याची पाळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावांवर येत राहिली.

गोडे पाणी बाहेरून आणणे हा त्यावरचा पहिला उपाय होता आणि आजही तोच सर्वांत भक्कम उपाय आहे. सातपुड्यात वान नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांकडे नळयोजनेने वळवण्यात आले, आणि जिथे ते नियमित पोचते तिथे विहिरीच्या पाण्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण वाहिनी फुटते, वीज जाते, टाकी भरत नाही, टोकाच्या गावाला आठवडा-आठवडा वाट पाहावी लागते, आणि त्या मोकळ्या जागेत गेल्या काही वर्षांत एक यंत्र येऊन बसले आहे, ज्याला लहानथोर सगळे ‘आरओ’ म्हणतात.

दहा बाय बाराची खोली

गावातील आरओ केंद्र म्हणजे बहुधा ग्रामपंचायतीच्या आवारातील किंवा रस्त्याकडेच्या दुकानामागची दहा बाय बाराची खोली असते. बोअरचे पाणी छपरावरच्या काळ्या टाकीतून उतरून प्रथम वाळूच्या आणि नंतर कोळशाच्या उभ्या नळकांड्यांतून जाते, त्यात गढूळपणा, वास आणि क्लोरीन राहून जातात. मग एका छोट्या पंपातून थेंबथेंब रसायन मिसळले जाते, जे क्षारांचा थर जमू देत नाही. त्यानंतर पांढऱ्या सुती गुंडाळीसारख्या दिसणाऱ्या गाळणीतून पाणी उच्चदाबाच्या पंपाकडे येते. पंप सुरू झाला की खोलीत बोलणे ऐकू येत नाही. भिंतीवर आडव्या लावलेल्या, हातभराहून थोड्या लांब पांढऱ्या नळ्यांमध्ये पाणी शिरते आणि दोन काचेच्या उभ्या मापनळ्यांत दोन तरंगते खिळे वर उचलले जातात: एक शुद्ध पाण्याचा, दुसरा उरलेल्या पाण्याचा. बाहेरच्या बाजूला नळ असतो, कार्ड किंवा नाणे टाकायची फट असते, आणि पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा जार भरून मिळतो. लग्नकार्याला, पंगतीला, निवडणुकीच्या सभेला थंड पाण्याचे जार मागवण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की रांजण आणि माठ यांची जागा त्यांनी घेतली आहे.

त्या पांढऱ्या नळीच्या आत जे गुंडाळलेले असते त्याला मेंब्रेन किंवा पडदा म्हणतात. तीन थरांच्या या पडद्यात तळाला पॉलिस्टरचे कापड, त्यावर सच्छिद्र पॉलिसल्फोनचा थर आणि सर्वांत वर पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या जातकुळीतील पदार्थाचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो, ज्याची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाच्या आसपास भरते. क्षार अडवण्याचे सगळे काम हा पापुद्रा करतो. खालचे दोन थर केवळ त्याला आधार देतात. साध्या स्थितीत पडद्याच्या एका बाजूला गोडे आणि दुसऱ्या बाजूला खारे पाणी ठेवले तर गोडे पाणी आपण होऊन खाऱ्याकडे जाते, मनुका भिजवल्या की फुगतात त्या न्यायाने. याला परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटा फिरतो, खाऱ्यातून गोडे पाणी बाहेर येऊ लागते, आणि म्हणून या पद्धतीचे नाव व्यस्त परासरण, इंग्रजी आद्याक्षरांनी आरओ. पाण्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम क्षार असतील तर केवळ परासरणाची ओढ मोडून काढायला दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलोच्या आसपास दाब लागतो. पाणी वेगाने निघावे म्हणून प्रत्यक्षात त्याच्या अनेक पटींनी अधिक दाब दिला जातो.

या तंत्राचा पाया कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील प्रयोगशाळेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी घातला. त्यांचा पडदा सेल्युलोज ॲसिटेटचा होता. आजच्या पॉलिअमाइडच्या पापुद्र्याचे श्रेय १९७० च्या दशकात काम करणाऱ्या जॉन कॅडॉट यांच्याकडे जाते. लोब यांच्या पडद्यावर चालणारे पहिले सार्वजनिक केंद्र १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या लहानशा गावी उभे राहिले, जिथले भूजल मचूळ असल्याने पिण्याचे पाणी रेल्वेने आणावे लागत असे. म्हणजे हे तंत्र समुद्राकाठच्या श्रीमंत शहरासाठी नव्हे, तर संग्रामपूर किंवा नांदुऱ्यासारख्याच एका कोरड्या, खारपाण्याच्या गावासाठी प्रथम वापरात आले, ही गोष्ट वऱ्हाडातील वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विजेचा भार नसलेला रेणू

आरओ केंद्र चालवणाऱ्या तरुणाच्या खिशात पेनासारखे एक उपकरण असते, ते पाण्यात बुडवले की छोट्या पडद्यावर आकडा उमटतो आणि ग्राहकाला तो दाखवला जातो. विहिरीचे पाणी दीड-दोन हजार आणि जारमधले पन्नास-साठ, हा फरक पाहिला की कोणाचाही विश्वास बसतो. हा आकडा टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचा मानला जातो. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावा. पण ते उपकरण क्षारांचे वजन करीत नाही. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजते आणि त्या आकड्याला एका ठरीव गुणकाने गुणून टीडीएस दाखवते. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे धन आणि ऋण भाराचे कण, म्हणजे आयन, वेगळे होतात आणि ते वीज वाहून नेतात, म्हणून ते मीटरला दिसतात. जो पदार्थ भार न घेता विरघळतो तो मीटरला दिसत नाही, आणि नेमका तसाच पदार्थ पडद्यातूनही सर्वांत सहज निसटतो. बोरॉन हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

बोरॉन हे मूलद्रव्य मराठी घराला अनोळखी नाही. कॅरमच्या फळीवर सोंगट्या सरकाव्यात म्हणून भुरभुरली जाते ती बोरिक पावडर. सोनाराच्या दुकानात दागिना झाळताना लागणारा टाकणखार, ज्याला सवागी असेही म्हणतात, तो बोरॉनचाच क्षार. तापवली तरी तडकत नाही ती प्रयोगशाळेतील काच बोरॉनमुळेच तशी असते. जमिनीतील आणि खडकांतील बोरॉन पाण्यात विरघळून समुद्राला मिळतो, म्हणून समुद्राच्या लिटरभर पाण्यात तो सुमारे साडेचार मिलिग्रॅम असतो. भूजलात तो सहसा त्याहून पुष्कळ कमी असतो. मात्र अर्धशुष्क हवामान, निचरा न होणारा गाळ आणि सोडियमचे प्राबल्य जिथे एकत्र येते, तिथे सोडियमच्या जोडीने बोरॉनही साठत जाण्याची प्रवृत्ती दिसते. राजस्थान-हरियाणाचे काही भाग आणि कॅलिफोर्नियाचे सॅन होकिन खोरे ही त्याची परिचित उदाहरणे आहेत, आणि पूर्णेच्या खोऱ्यात या तिन्ही अटी एकत्र आहेत.

पाण्यात बोरॉन बोरिक आम्लाच्या रूपात राहतो. हा रेणू आकाराने लहान आणि विजेच्या भारापासून मुक्त असतो, आणि पाण्याच्या रेणूंशी त्याचे इतके सख्य असते की त्यांच्या हातात हात घालून तो पॉलिअमाइडच्या पापुद्र्यातून पलीकडे जातो. सोडियम, क्लोराइड, सल्फेट यांना पडदा अडवतो, कारण त्यांच्यावर भार असतो आणि त्या भाराभोवती पाण्याच्या रेणूंचे जाड कडे असते. ते कडे घेऊन त्यांना आत शिरता येत नाही आणि कडे सोडायला फार ऊर्जा लागते. बोरिक आम्लाला असे कडेच नसते. म्हणून मचूळ पाण्यासाठी वापरले जाणारे सामान्य पडदे मिठाचा ९५ ते ९९ टक्के भाग अडवत असताना बोरॉनचा मात्र कित्येकदा निम्मा, बरे पडदे असले तर दोनतृतीयांश किंवा त्याहून थोडा अधिक भागच अडवू शकतात. समजा, विहिरीच्या पाण्यात २,००० मिलिग्रॅम क्षार आणि १ मिलिग्रॅम बोरॉन आहे. जारमध्ये ६० मिलिग्रॅम क्षार उरतील, पण बोरॉन ०.४ किंवा ०.५ राहील. मीटर ६० दाखवील आणि सगळ्यांचे समाधान होईल.

यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. पाणी जितके गरम तितका बोरॉन पडद्यातून अधिक निसटतो, आणि वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या घरात जाणाऱ्या मुलखात छपरावरच्या काळ्या टाकीतील पाणी केवढे तापते हे सांगायला नको. दुसरे असे की फार कमी क्षाराचे पाणी बेचव लागते म्हणून अनेक केंद्रांत एक छोटी तोटी फिरवून थोडे कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळले जाते. चव सुधारते, पण पडद्याने अडवलेला बोरॉनही त्याच वाटेने परत येतो.

किती बोरॉन म्हणजे जास्त, याविषयीचा वैद्यकीय अंदाज काळाबरोबर सैल होत आलेला आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत मोठ्या मात्रेमुळे नरांची जननक्षमता घटते आणि गर्भाचे वजन कमी भरते असे दिसले, त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अतिशय कडक मर्यादा सुचवली होती. २०११ मध्ये ती लिटरमागे २.४ मिलिग्रॅमपर्यंत वाढवण्यात आली. भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत ०.५ ही इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.० ही सह्य मर्यादा छापलेली होती. निरोगी माणसाच्या शरीरातून बोरॉन काही दिवसांत मूत्रावाटे निघून जातो. पण हे काम मूत्रपिंडांचे आहे, आणि खारपाण पट्ट्यातील गावांतून मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांविषयी वर्षानुवर्षे चिंता व्यक्त होत आलेली आहे; ज्या अवयवाने बोरॉन बाहेर टाकायचा तोच थकलेला असेल, तर निरोगी माणसासाठी ठरवलेली मर्यादा त्या रुग्णाला तशीच्या तशी लावणे योग्य ठरत नाही.

कपाशी सोसते, संत्रा सोसत नाही

बोरॉनचा खरा कडकपणा माणसापेक्षा झाडाला अधिक जाणवतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बाजू महत्त्वाची आहे. १९२३ मध्ये इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी दाखवून दिले की बोरॉनशिवाय घेवड्याच्या जातीचे झाड वाढूच शकत नाही. तेव्हापासून तो वनस्पतींच्या आवश्यक अन्नद्रव्यांत गणला जातो आणि वऱ्हाडातील कृषी सेवा केंद्रांत त्याच्या पिशव्या फवारणीसाठी विकल्याही जातात. पण कमी आणि जास्त यांमधली पट्टी बोरॉनच्या बाबतीत इतर कोणत्याही अन्नद्रव्यापेक्षा अरुंद आहे. कमी पडला तर फूल गळते, फळ तडकते. किंचित जास्त झाला तर जुन्या पानांची टोके पिवळी पडून करपतात, कारण पाण्याबरोबर आलेला बोरॉन पानाच्या टोकाशी येऊन साठतो आणि तिथून तो बाहेर निघत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेत पिकांची बोरॉन सोसण्याची ताकद नोंदलेली आहे, आणि ती वऱ्हाडाच्या नजरेने वाचली तर मन थबकते. लिंबू लिटरमागे अर्धा मिलिग्रॅमही सोसत नाही, संत्रा अर्धा ते पाऊण मिलिग्रॅमवर त्रास दाखवू लागतो. ज्वारी चार ते सहा मिलिग्रॅमपर्यंत निभावते आणि कपाशी तर सहा ते दहापर्यंत. म्हणजे ज्या दोन पिकांनी खारपाण पट्टा पिढ्यान्‌पिढ्या जगवला ती मीठ आणि बोरॉन दोन्ही सोसणारी आहेत, आणि ज्या फळाने सातपुड्याच्या पायथ्याशी पैसा आणला ते फळ सर्वांत नाजूक आहे. जुन्या शेतकऱ्यांनी ही निवड प्रयोगशाळेत केली नव्हती, परंतु ती आंधळीही नव्हती. गोड्या पाण्याच्या पट्टीतील बोअर दरवर्षी खोल जात असताना बागायतदाराने केवळ पाण्याच्या चवीवर आणि टीडीएसच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे आहे, हे या यादीवरून स्पष्ट होते.

इस्रायलने हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. २००५ मध्ये सुरू झालेल्या अश्केलॉन येथील समुद्रजल गोडे करणाऱ्या प्रकल्पाला बोरॉन लिटरमागे ०.४ मिलिग्रॅमच्या खाली आणण्याची अट घालण्यात आली, आणि त्यामागचे कारण पिणाऱ्या माणसापेक्षा झाडाचे होते: त्या देशात शहरांचे सांडपाणी शुद्ध करून शेतीला दिले जाते, लिंबूवर्गीय बागा त्यावर उभ्या आहेत, आणि नळात शिरलेला बोरॉन सांडपाण्यातून शेवटी बागेतच पोचणार होता. मुंबई महानगरपालिकेने मनोरी येथे दररोज २० कोटी लिटर समुद्रजल गोडे करण्याचा जो प्रकल्प योजला आहे, त्याच्याही रचनेत बोरॉनचा हिशेब मांडावा लागेल. महाराष्ट्रात बोरॉनची चर्चा झाली तर ती मनोरीच्या निमित्ताने होईल. खारपाण पट्ट्याच्या निमित्ताने ती आधीच व्हायला हवी होती.

सामू चढवण्याची कसरत

पडदा बोरॉनला अडवू शकत नाही असे मात्र नाही. त्याला बोरॉनवर भार चढवून द्यावा लागतो, इतकेच. पाण्याची आम्लता किंवा अल्कता मोजण्याच्या एककाला मराठीत सामू म्हणतात. सात हा मध्य, त्याखाली आम्ल, वर अल्क. सामू ९.२४ झाला की बोरिक आम्लाचे निम्मे रेणू एक हायड्रॉक्सिल गट धरून बोरेट या ऋणभारित रूपात जातात. सामू आणखी एकाने वाढला की दहांतील नऊ रेणू भारित होतात आणि भारित रेणू दिसला की पडदा त्याला मिठासारखाच परतवून लावतो. याउलट सामू सव्वाआठच्या आसपास असेल, जसा तो खारपाण्यात पुष्कळदा असतो, तर शंभरातील जेमतेम नऊ-दहा रेणू बोरेट झालेले असतात.

बुलढाणा जिल्ह्यातच लोणारला हे रसायन उघड्या आकाशाखाली पाहायला मिळते. उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या त्या विवराच्या तळाशी सरोवराचे पाणी इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो, त्यामुळे त्यात जो काही बोरॉन असेल तो बहुतांशी बोरेटच्याच रूपात असणार. आणि त्याच विवराच्या काठावर धारेच्या गोमुखातून बारमाही गोडे पाणी पडत असते. काही पावलांच्या उताराने वेगळे झालेले हे दोन पाण्याचे स्वभाव सामूच्या एका मोजपट्टीवर मांडता येतात.

मग विहिरीच्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून सामू दहावर नेला आणि पडद्यातून सोडले की काम झाले, असे वाटेल. पण तसे केले तर पडदा काही दिवसांत निकामी होतो. खारपाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतात, आणि सामू चढताच ते चुनखडीच्या व मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या रूपात पडद्यावर घट्ट बसतात, चहाच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो तसे. म्हणून हे काम दोन फेऱ्यांत करतात: पहिल्या फेरीत सामू न छेडता मीठ, कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून टाकायचे, आणि मग त्या मऊ झालेल्या पाण्यात सोडा घालून, सामू दहापर्यंत चढवून ते दुसऱ्या पडद्यातून न्यायचे. अश्केलॉनसारख्या प्रकल्पांची अनेक टप्प्यांची रचना या तत्त्वावर उभी आहे. दुसरी फेरी म्हणजे दुसरा पंप, अधिक वीज, रसायनाची मात्रा देणारे यंत्र आणि शेवटी सामू पुन्हा सातच्या आसपास आणणे. ज्या गावात पहिल्या फेरीचाच पडदा वेळेवर धुतला जात नाही, तिथे हा मार्ग सुचवणे वास्तवाला धरून होणार नाही.

खेड्याच्या आवाक्यात येईल असा मार्ग पडद्याच्या पाठीमागे दुसरे काहीतरी जोडण्याचा आहे. बोरॉनला साखरेच्या जातकुळीतील, शेजारीशेजारी हायड्रॉक्सिल गट असलेल्या रेणूंची विलक्षण ओढ असते. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकलेल्यांना बोरिक आम्लाचे अनुमापन करताना मॅनिटॉल का घालतात हे आठवत असेल. तेच नाते वापरून ग्लुकामाइन गट बसवलेले राळेचे मणी बनवतात, जे पाण्यातील इतर सगळे सोडून बोरॉनलाच चिकटून धरतात. आरओमधून आलेले पाणी या मण्यांच्या नळकांड्यातून नेले की उरलेला बोरॉन जवळपास संपतो. मणी भरले की आम्लाने धुऊन व सोड्याने पूर्ववत करून पुन्हा वापरता येतात. हे धुण्याचे काम गावातील खोलीत करण्यापेक्षा नळकांडे उचलून तालुक्याच्या ठिकाणी नेणे आणि भरलेल्याच्या बदल्यात ताजे आणणे शहाणपणाचे, गॅसचे सिलिंडर बदलतात त्या पद्धतीने. पाणी उकळण्याचा मात्र येथे काहीच उपयोग नाही, कारण वाफ निघून जाते आणि बोरॉन मागे राहून अधिक दाट होतो.

मागे राहिलेले पाणी

पडदा क्षार नष्ट करीत नाही, तो त्यांना एका बाजूला सारतो, आणि आरओच्या खोलीतील दुसऱ्या मापनळीचा खिळा हेच सांगत असतो. २,००० मिलिग्रॅम क्षाराच्या हजार लिटर पाण्यात दोन किलो क्षार असतात. त्यातून पाचशे लिटर गोडे पाणी काढले की ते दोन किलो जवळजवळ सगळेच्या सगळे उरलेल्या पाचशे लिटरमध्ये जातात आणि ते पाणी दुप्पट खारट होते. बहुतेक ठिकाणी ते मागच्या नालीत सोडलेले दिसते, नाली खोलगट जागेत जिरते, आणि त्याच जागेच्या आसपास गावाची विहीर किंवा बोअर असते. केंद्र जितकी वर्षे चालेल तितकी वर्षे त्याच्या पायाखालची माती अधिक चोपण होत जाईल. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएसच्या पाण्यावर आरओ वापरण्यास प्रतिबंध करण्याचे आणि जिथे तो वापरला जातो तिथे ६० टक्क्यांहून अधिक पाणी परत मिळवण्याचे निर्देश दिले होते. खारपाण पट्टा पहिल्या अटीतून सुटतो, कारण तिथे आरओची गरज खरीच आहे. दुसऱ्या अटीतून मात्र त्याने सुटू नये, आणि तिच्याबरोबर उरलेले पाणी प्लास्टिक अंथरलेल्या उथळ हौदात उन्हावर आटवण्याची अटही जोडायला हवी. वऱ्हाडाच्या उन्हात ते आटायला वेळ लागत नाही, आणि दहीहांड्यात हे काम जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी लोकांनी करून दाखवलेले आहे.

पावसाचे पाणी धरून ठेवणे हा याहून सरळ मार्ग आहे आणि शेतीपुरता तो रुजतही आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावांचा मुद्दाम समावेश केलेला असून शेततळी, रुंद वरंबा-सरी आणि ठिबक यांवर तिथे भर दिलेला आहे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने चोपण जमिनीत जिप्सम घालण्याच्या आणि निचरा सुधारण्याच्या पद्धती बसवल्या आहेत. शेततळ्यात साठलेल्या पावसाच्या पाण्याला ना मीठ असते ना बोरॉन, आणि संत्र्याच्या बागेला ते बोअरच्या पाण्यात मिसळून दिले तरी दोन्हींची मात्रा उतरते. नांदुरा तालुक्यातील जिगाव प्रकल्पाचे पाणी उद्या कालव्यांतून आले, तर त्याबरोबर निचऱ्याचे चरही खोदावे लागतील. नाहीतर पाण्याची पातळी वर येऊन खालचा सारा खार मुळांपाशी आणील.

हळदीचा लाल रंग

डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. पाण्याचे नमुने तपासले गेले, त्यांत क्षार आणि नायट्रेट वाढलेले आढळले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. आणि नंतर डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून कारण गव्हातील सेलेनियम असल्याचे मांडले. खारपाण पट्ट्यात सगळ्या दुखण्यांचा दोष पाण्याला देण्याची सवय किती खोल आहे हे त्या प्रसंगी दिसले, आणि एकेका मूलद्रव्याची वेगळी तपासणी केल्याखेरीज काहीच ठामपणे म्हणता येत नाही हेही दिसले. बोरॉनची तपासणी नेहमीच्या यादीत क्वचितच येते. गावाने ती मागितली तर होते.

ही तपासणी करण्याची एक जुनी आणि विश्वसनीय रीत हळदीवर आधारलेली आहे. हळदीला पिवळेपणा देणारे कुरकुमिन हे द्रव्य आम्लाच्या सान्निध्यात बोरॉनशी संयोग पावले आणि मिश्रण आटवले की गडद लाल रंगाचे रोझोसायनिन तयार होते. त्या लालीची गडदता मोजली की पाण्यात किती बोरॉन होता ते कळते. हळकुंडे लिंबाच्या रसात भिजवून त्यात टाकणखार घालून कुंकू करण्याची जी परंपरागत पद्धत आहे, तिच्यातही हळद, आम्ल आणि बोरॉन हे तिघे एकत्र येतात. सोलापूर जिल्ह्यातील केमसारख्या गावाने ज्या कुंकवावर नाव मिळवले त्याचे रसायन आणि प्रयोगशाळेतील ही तपासणी एकमेकांच्या नात्यातली आहेत.

गावातून नमुना पाठवताना विहिरीचे, आरओमधून येणाऱ्या शुद्ध पाण्याचे आणि मागच्या नालीत सोडलेल्या पाण्याचे असे तीन नमुने एकाच दिवशी घ्यावेत, उन्हाळ्यात घ्यावेत, आणि प्रत्येकावर तारीख, वेळ व पाण्याचे तापमान लिहावे. तिन्ही आकडे शेजारीशेजारी मांडले की पडद्याने किती अडवले आणि किती सोडले याचा हिशेब कोणालाही करता येतो. बाटली मात्र प्लास्टिकची घ्यावी. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेली, उष्णता सोसणारी काचेची बाटली दिसायला स्वच्छ असली तरी तिच्या काचेतच बोरॉन असतो, आणि तो पाण्यात उतरून विहिरीच्या खात्यावर जमा होतो.